किंचाळायचं काम बायकांकडेच का?

कातरवेळ

(जुन्या सिनेमांची रहस्यं धाग्यात फुटणार आहेत. 'सायको' अजून पाहिला नसेल तर आधी तो पाहून या, मग भांडू.)

भाची सतरा वर्षांची आहे आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून गेल्या आठवड्यात तिला 'सायको' दाखवला. न्हाणीघरात मॅरियन मारली गेली, पडद्याच्या कड्या एकेक करून तुटल्या, आणि ही माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मग आता सिनेमा कुणाचा?"

मी खूश. म्हटलं, १९६० साली थिएटरात बसलेल्यांनाही हाच प्रश्न पडला असणार. जिच्या मागे आपण पाऊण तास चाललो, जिने पळवलेल्या चाळीस हजार डॉलर्सची आपणच काळजी करत बसलो, तिलाच हिचकॉकने मध्यात उचलून बाजूला टाकलं. पुढे तो डिटेक्टिव्ह जिन्यावर मरतो. तेव्हा भाची जे म्हणाली ते मात्र डोक्यातून जात नाहीये. म्हणाली, "याला लवकर उरकला."

खरंच उरकलाय हो. मी परत लावून पाहिलं. शॉवरचा प्रसंग पडद्यावर फार मोठा नाही, पण त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. काही शॉट्सना मॅरियनचं काम करणाऱ्या जॅनेट लीच्या जागी दुसरी मुलगी उभी केली होती. हात, पोट, पाय, उघडं तोंड, पुन्हा हात. डिटेक्टिव्हच्या वाट्याला चेहऱ्यावर एक वार, जिन्यावरून एक घसरण, खाली पोचल्यावर आणखी थोडं, संपलं. त्याचं अंग कोटात झाकलेलंच राहिलं. मरताना त्याच्याकडे बघत राहावं असं कॅमेऱ्याला वाटलं नाही.

आता माझं म्हणणं. भयपटात बाईला तीनच जागा ठेवलेल्या असतात. एक मरणारी, एक शेवटी उरणारी आणि एक मरून परत येणारी. मरणारीला सावकाश मारतात. 'हॅलोविन' (१९७८) सुरूच होतो तो मारेकऱ्याच्या डोळ्यांतून. मुखवट्याच्या दोन भोकांतून आपण त्या मुलीकडे बघतो, आणि हे डोळे कुणाचे हे कळायच्या आधीच सुरा आपल्या हातात दिलेला असतो. उरणारी उरते, पण त्याआधी तिला तासभर पळवून, रडवून, रक्तात भिजवून काढतात आणि मग म्हणतात, बघा कशी खंबीर. तिसरी सगळ्यात ताकदवान. पण 'रिंगू'मधली सादाको विहिरीत ढकलली जाते, 'जू-ऑन'मधली कायाको नवऱ्याच्या हातून मरते, 'बुलबुल'मध्ये काय होतं ते पाहिलेल्यांना सांगायला नको. म्हणजे भयपटात बाईला अधिकार हवा असेल तर आधी मरावं लागतं.

आणि या तिन्ही जागांवर बसून करायचं काय, तर किंचाळायचं. १९३३च्या 'किंग काँग'मधली फे रे आजही तिच्या अभिनयापेक्षा किंकाळीसाठी लक्षात आहे. पुरुष किंचाळला की तो विनोदी पात्र ठरतो.

पटत नसेल तर सांगा. पटत असेल तर नुसतं +१ देऊन पळू नका.

मधली रांग

असहमत. 'गंमत केली' असे दिवे वगैरे न देता असहमत.

सावकाश मारण्याचा मुद्दा 'सायको'पुरता मान्य. पण पुढे तुम्ही पन्नास वर्षांचे सिनेमे एका पोत्यात भरून पोत्याचं तोंड बांधलंत. उरणारी मुलगी म्हणजे सोवळी, सालस, पुस्तकात डोकं घातलेली, हे ऐकून कान किटले. तुम्ही तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण पुढच्या चार प्रतिसादांत कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. 'ब्लॅक ख्रिसमस' बघा. १९७४चा, म्हणजे 'हॅलोविन'च्या चार वर्षं आधीचा. नायिका जेस गरोदर आहे आणि तिला मूल नकोय. बॉयफ्रेंड लग्नाचं बोलतो, चिडतो, रडतो, आणि ती शांतपणे सांगते की माझा निर्णय झालाय. अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निकाल १९७३चा, आणि हा कॅनडाचा सिनेमा लगेच पुढच्या वर्षीचा. या सिनेमात तिला 'पापाची शिक्षा' मिळत नाही. शेवटपर्यंत लढणारी तीच. तिचं पुढे काय होतं हे मुद्दाम अर्धवट सोडलंय, तो भाग वेगळा.

'एलियन'च्या पटकथेत तर लिहून ठेवलं होतं की यातली कुठलीही भूमिका बाई किंवा पुरुष कुणीही करू शकेल. त्यातूनच मुख्य पात्र रिप्ली बाई झाली. आणि पोटुशी कोण राहतं? पुरुष. बाळंतपणाची सगळी भीती एका धडधाकट पुरुषाच्या छातीतून जेवणाच्या टेबलावर बाहेर काढली आहे. १९७९ साली दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या सिनेमाची ही छाती होती? (कोटी नकळत झाली, राहू दे.)

आणखी एक. 'रोझमेरीज बेबी'साठी रूथ गॉर्डन, 'मिझरी'साठी कॅथी बेट्स, 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'साठी जोडी फॉस्टर, सगळ्यांना ऑस्कर. अभिनेत्री गीना डेव्हिसच्या संस्थेने २०१७ साली यंत्राकडून सिनेमे मोजून घेतले, तेव्हा बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर दिसतात असा एकच प्रकार निघाला, तो भयपट. बाकी ठिकाणी नायकाला चहा देऊन आत जाणाऱ्या बायका इथे पूर्ण सिनेमा खांद्यावर घेतात. किंचाळतात, कबूल. पण सिनेमा त्यांचा असतो.

झोपमोड

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ला भयपट म्हटल्याबद्दल आता वेगळा धागा निघेल.

मधली रांग

@झोपमोड, निघू दे. ऑस्कर मिळालं की लोक त्याला लगेच 'मानसशास्त्रीय थरारपट' म्हणायला लागतात. कातडी सोलून अंगरखा शिवणारा माणूस आहे त्यात, अजून काय हवं?

रातकिडा

तीन प्रतिसाद वाचले, डोकं दुखायला लागलं. अहो सिनेमा आहे तो, प्रबंध नाही. साधं गणित आहे. भीती वाटायला समोरचं माणूस कमजोर दिसावं लागतं. दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा नायक हातात बंदूक घेऊन पडक्या वाड्यात शिरला तर घाबरणार कोण? त्याच्या जागी एकटी मुलगी पाठवा, हातात मेणबत्ती द्या, आपोआप काळजात धस्स होतं. यात बायकांचा अपमान कुठून आला?

आणि किंचाळण्याचं म्हणाल तर तो त्रास आम्हा प्रेक्षकांनाच होतो. 'शायनिंग'मधली ती वेंडी घ्या. दोन तास रडं. मला तर शेवटी नवऱ्याची दया यायला लागली. (हलकेच घ्या.)

निळी शाई

रातकिडा, तुमच्या गणिताचा ताळा 'द थिंग'ने (१९८२) करून बघा. बर्फात अडकलेले बारा पुरुष, बंदुका, ज्वाळा फेकणारी यंत्रं, दाढ्या. पात्रांत एकही बाई नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटरला तेवढा बाईचा आवाज आहे, आणि नायक हरल्यावर चिडून त्याच्यात दारू ओततो. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात भीतिदायक चार-पाच सिनेमांत हा येतो. म्हणजे धडधाकट पुरुषांकडूनही भीती उभी करता येते. फक्त ती वेगळ्या जातीची निघते. तिथे ते एकमेकांवर संशय घेतात, दोरखंडाने बांधतात, रक्ताची परीक्षा घेतात. घाबरलेला पुरुष तपासणीला लागतो. घाबरलेल्या बाईला मात्र कॅमेरा तपासतो.

मधली रांग, तुमच्या यंत्राने वेळ मोजला. त्या वेळात तिच्याकडून काय करून घेतलं ते मोजलं का? शॉवरमधला वेळही त्या हिशेबात 'बाई पडद्यावर' असाच धरला जाणार.

आता 'शेवटची मुलगी' (फायनल गर्ल), म्हणजे तीच शेवटी उरणारी. हा शब्द सिनेमाच्या अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांचा. १९८७च्या निबंधात त्यांनी तो वापरला आणि १९९२च्या पुस्तकात विस्ताराने मांडला. लोक हा शब्द आता कौतुकाने वापरतात, टीशर्टवर छापतात. क्लोव्हरबाईंनी कौतुक केलेलंच नाही. त्यांचं म्हणणं बरंच अडचणीचं आहे. थिएटरात बसलेली पोरं आधी मारेकऱ्याच्या डोळ्यांनी बघतात आणि शेवटाकडे मुलीच्या बाजूने ओरडायला लागतात, हे त्यांनी टिपलं. म्हणजे पोरगा मुलीच्या जागी स्वतःला ठेवू शकतो. त्याआधी १९७५ मध्ये सिनेमाच्याच अभ्यासक लॉरा मल्व्हींनी मांडलं होतं की पडद्यावरच्या बाईकडे बघणारी नजर पुरुषाची असते. तो हिशेब इथे थोडा बिघडतो, इतकं चांगलं. पण क्लोव्हर पुढे विचारतात, की ती मुलगी मुलगी तरी किती उरते? बाकीच्या मैत्रिणींसारखी ती नाही, नाव पोरासारखं, आणि शेवटी हातात त्याचंच हत्यार. त्या पोराला जी भीती स्वतःच्या चेहऱ्यावर दाखवता येत नाही, ती दाखवायला त्याने एक चेहरा भाड्याने घेतलाय.

उलटी पावलं

मी भयपटांवर वाढलेली मुलगी आहे आणि धागाकर्तीशी अर्ध्याहून जास्त सहमत आहे. तरी भांडायला आलेय, कारण एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही.

भयपटाचं जुनं कथानक काय असतं? घरात कुणीतरी आहे, असं बाई सांगते. नवरा म्हणतो, भास झाला असेल. डॉक्टर म्हणतो, झोप घ्या. शेजारी हसतात. शेवटी कळतं की घरात खरंच कुणीतरी होतं. 'रोझमेरीज बेबी'त (१९६८) भूतबित जवळपास दिसतच नाही. दिसतो तो नवरा, जो तिचं पुस्तक टाकून देतो. मग तो डॉक्टर, ज्याच्याकडे ती जीव मुठीत धरून पळत जाते. तो शांतपणे ऐकून घेतो, आराम कर म्हणतो, आणि नवऱ्याला बोलावून तिला त्याच्या ताब्यात देतो. माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग तो आहे. सैतान नंतर. २०२०च्या 'इन्व्हिजिबल मॅन'मध्येही तेच. मारझोड करणारा अदृश्य आहे, म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. मूळ कथेतला वेडा शास्त्रज्ञ बाजूला सारून त्यांनी त्याच्या तावडीतून सुटलेल्या बाईला मध्यभागी आणलं आणि जुनी गोष्ट एकदम आजची झाली. 'लपाछपी'त (२०१७, पुढे हिंदीत 'छोरी') गरोदर बाईला उसाच्या फडात जी मुलं दिसतात ती तिच्या डोक्यातली नसतात, आणि त्यांच्यामागे काय पाप आहे ते तिलाच खणून काढावं लागतं.

बाईचं बोलणं शेवटी खरं ठरणार, ही हमी देणारा दुसरा कुठला प्रकार आहे सिनेमात? कौटुंबिक सिनेमात तिची समजूत काढतात. कोर्टाच्या सिनेमात तिची उलटतपासणी होते. भयपटात ती बरोबर निघते. मरून परत येणारीचंही तसंच. कातरवेळ, तुम्ही म्हणता अधिकारासाठी मरावं लागतं. मला ते उलटं दिसतं. जिवंतपणी जिची तक्रार कुणी लिहून घेतली नाही, तिची तक्रार निदान या एका जागी मेल्यावर तरी नोंदवली जाते. जगभर बाळंतपणात मेलेली, विहिरीत ढकललेली, फसवलेली बाईच हडळ होऊन येते. ती उगाच येत नाही.

आणि रातकिडा, वेंडीबद्दल. हलकेच घेतलं, तरी उत्तर देणार.

ती दोन तास रडते, बरोबर. रडत रडत काय करते ते बघितलंत का? कुऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या त्या नवऱ्याला त्याआधी जिन्यावर बॅटने पाडते कोण? बेशुद्ध पडलेल्या त्या धूडाला ओढत नेऊन कोठीघरात बंद करते कोण? न्हाणीघराच्या खिडकीतून पोराला बाहेर काढते, दार फोडून आत आलेल्या हातावर सुरीचा वार करते आणि शेवटी बर्फातून गाडी हाकत पोराला घेऊन निघून जाते. सिनेमात ठरवून केलेलं प्रत्येक शहाणपणाचं काम या 'रडक्या' बाईने केलंय. आपल्याला फक्त रडं आठवतं. स्टीफन किंग यांचीही तक्रार होती की त्यांच्या कादंबरीतली वेंडी खमकी होती आणि पडद्यावरची फक्त किंचाळायला आणि मूर्खपणा करायला ठेवलीय. मला वाटतं दिग्दर्शक कुब्रिकने तिला रडकी दाखवली हे खरं, पण आपण ती तेवढीच पाहिली हेही खरं.

वेंडीचं काम करणाऱ्या शेली ड्यूव्हल हिच्यावर तर दुहेरी अन्याय. सेटवर दिग्दर्शक तिच्यावर खेकसतोय हे कुब्रिकच्या स्वतःच्या मुलीने केलेल्या माहितीपटात दिसतं. इतकं पिळून काढलेलं ते काम, आणि वाईट सिनेमांची थट्टा करणाऱ्या रॅझीच्या पहिल्याच वर्षी तिला 'सर्वांत वाईट अभिनेत्री'चं नामांकन. ते त्यांनी २०२२ मध्ये मागे घेतलं. एकेचाळीस वर्षांनी. २०२४ मध्ये ती गेली.

रातकिडा

ठीक आहे, बॅटचं विसरलो होतो. पुन्हा बघतो. पण बाकी मुद्दा सोडलेला नाही.

निळी शाई

उलटी पावलं, प्रतिसाद फार आवडला. तरी एक खडा टाकतेच. ती बरोबर निघते, कारण कॅमेरा तिच्या बाजूने साक्ष देतो. आपल्याला भूत दाखवलेलं असतं, म्हणून आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. भूत न दाखवता, नुसत्या तिच्या शब्दावर ठेवला असता का? 'बाबाडूक'मध्ये (२०१४) जेनिफर केंट यांनी हेच पणाला लावलंय. थकलेली, विधवा, पोराला कंटाळलेली आई. घरात खरंच काही आहे की हिचाच तोल गेलाय, हे बराच वेळ कळू देत नाहीत. माझ्याबरोबर पाहणाऱ्या तिघांपैकी दोघांनी अर्ध्या तासात निकाल देऊन टाकला, की ही बाईच वेडी आहे. भूत दिसेपर्यंत तिला शंकेचा फायदा देणारी मी एकटी, आणि खरं सांगायचं तर मीही डळमळले होते.

मधली रांग

जेनिफर केंट यांचं नाव आलंच आहे तर माझी आवडती काडी टाकून घेतो. बाईने सिनेमा केला की नजर बदलते, हा सिद्धान्त. 'स्लंबर पार्टी मॅसकर', १९८२. लेखिका रीटा मे ब्राउन, नाव कमावलेली स्त्रीवादी कादंबरीकार. तिने या प्रकाराची खिल्ली उडवायला संहिता लिहिली. दिग्दर्शन एमी होल्डन जोन्स, तीही बाई. आणि पडद्यावर काय? मुलींच्या आंघोळीचं दालन, वरपासून खालपर्यंत फिरणारा कॅमेरा, सगळा नेहमीचा मालमसाला. बायकांनीच बनवला म्हणून तो आपोआप पवित्र झाला का? उलट 'ब्लॅक ख्रिसमस' आणि 'एलियन' पुरुषांनी केले.

निळी शाई

नाही झाला पवित्र, आणि होईल असं मी म्हटलंही नाही. अशा स्वस्तातल्या सिनेमांना पैसे लावणारे काय मागायचे हे तुम्हालाही ठाऊक आहे. दिग्दर्शिकेला ते सोडून तिथे शिरकावच नव्हता. पण शेवट आठवतोय ना? मारेकऱ्याचं हत्यार म्हणजे लांबलचक ड्रिल, आणि ते मांड्यांच्या मधून दिसावं असा शॉट मुद्दाम लावलाय. शेवटी एक मुलगी कोयत्याने ड्रिलचं ते टोक छाटून टाकते. माल विकला आणि वर दुकानदाराची टरही उडवली.

'जेनिफर्स बॉडी'ची (२००९) गोष्ट तर याहून बोलकी आहे. लिहिलेला बाईने, दिग्दर्शित बाईने, विषय दोन मैत्रिणींचा. एका बँडमधले पुरुष प्रसिद्धीसाठी मुलीचा बळी देतात आणि ती परत येऊन पोरं खायला लागते. पण पोस्टर आणि जाहिराती अशा केल्या की मेगन फॉक्सचे पाय बघायला पोरांनी यावं. पोरं आली, त्यांना हवं ते मिळालं नाही. ज्या मुलींसाठी तो होता त्यांना तो आपल्यासाठी आहे हे कळलंच नाही. सिनेमा आपटला. दहा वर्षांनी त्याच मुलींनी तो शोधून काढला. म्हणजे नजर फक्त कॅमेऱ्यात नसते, पोस्टर चिकटवणाऱ्याच्या हातातही असते.

झोपमोड

'द सबस्टन्स'चं काय मग? आधी बराच वेळ कॅमेरा त्या तरुण मुलीच्या अंगावरून हटत नाही. माझ्या पुढच्या रांगेतले दोघे खूश होते. शेवटच्या अर्ध्या तासात दोघेही खुर्चीत खाली सरकत गेले.

उलटी पावलं

@झोपमोड, हेच तर दिग्दर्शिका कोराली फार्जा यांना करायचं होतं. आधी जाहिरातीतली नजर तुमच्या डोळ्यांवर चढवायची आणि मग त्याच नजरेला उलटी होईपर्यंत खायला घालायचं. 'रिव्हेंज'मध्येही (२०१७) तिने सुरुवातीला नायिकेला नेमकं तसंच दाखवलंय. मला त्यात खोट काढता येत नाही. पण आईबरोबर पाहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, की बाईला म्हातारं व्हायची भीती वाटते हे सांगायला तिला इतकं फाडायची काय गरज होती? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

वाचनमात्र

इथे सहसा लिहीत नाही. पण मूळ प्रश्न किंचाळण्याचा होता आणि त्यावर पुरुषाच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून.

कॉलेजात असताना आम्ही सात-आठ जण 'भूत' (२००३) बघायला गेलो होतो. ऊर्मिला मातोंडकरच्या एका प्रसंगाला मी जोरात ओरडलो. प्रतिक्षिप्त क्रिया होती, ठरवून नव्हे. पुढची तीन वर्षं माझं नाव 'मंजीत' होतं, म्हणजे त्या सिनेमातल्या भुताचं. आमच्यात दोन मुली होत्या, त्या पूर्ण सिनेमाभर ओरडत होत्या, त्यांना कुणी काही म्हटलं नाही. तेव्हापासून मी भयपट एकटा बघतो किंवा बघत नाही.

'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा दुसरा भाग (१९८५) पाहिलाय का कुणी? त्यात 'शेवटच्या मुली'च्या जागी मुलगा आहे, जेसी. तो पूर्ण सिनेमाभर घाबरतो, घामाघूम होतो, आणि किंचाळतो, चांगला खणखणीत. जे काम पहिल्या भागात मुलीने केलं होतं तेच. प्रेक्षकांनी त्याची टर उडवली, तो सिनेमा 'तसला' आहे म्हणून वर्षानुवर्षं चिडवलं. ते काम करणारा मार्क पॅटन खऱ्या आयुष्यात समलिंगी होता आणि ते उघडपणे सांगता येईल असा तो काळ नव्हता. त्याने अभिनयच सोडला. २०१९ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला, नाव 'स्क्रीम, क्वीन!'.

निळी शाई यांनी भाड्याच्या चेहऱ्याचं लिहिलंय ते वाचून हे आठवलं. बायकांना किंचाळायला लावतात हे खरं. आम्हाला किंचाळू देत नाहीत, हेही तिथेच लिहून ठेवायला हवं.

मधली रांग

@वाचनमात्र, हा प्रतिसाद माझ्या बाजूचा आहे की धागाकर्तीच्या, हे ठरवायला मला वेळ लागतोय. बहुधा माझ्या बाजूचा नाही.

रातकिडा

'शायनिंग' पुन्हा पाहिला. वेंडीचं मान्य. कोठीघराचा प्रसंग तर मी साफ विसरलो होतो. मेणबत्तीवाल्या मुलीचं मात्र अजूनही म्हणतो. वाड्यात तीच जायला हवी. मी तर जाणार नाही.

झोपमोड

@रातकिडा, म्हणजे तुम्ही बाहेर उभे राहून तिला आत पाठवणार. धाग्याचा विषयच हा होता हो.

कातरवेळ

सगळ्यांचे आभार. ब्लॅक ख्रिसमसवाली जेस मला माहीत नव्हती, काल रात्री पाहिला. मधली रांग, तुमचा तेवढा मुद्दा मान्य. पोत्याचं तोंड जरा सैल करते. वाचनमात्र, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी 'पुरुष किंचाळला की विनोदी पात्र ठरतो' असं सहज लिहून गेले होते, त्याची किंमत कुणीतरी तीन वर्षं मोजलेली आहे हे डोक्यात नव्हतं.

उलटी पावलं, तुमचं 'ती बरोबर निघते' मला पटलंय आणि तरी पुरत नाही. ते का, हे काल कळलं.

भाचीला आता 'हॅलोविन' दाखवला. डेब्रा हिल या बाईचा त्याच्या लेखनात अर्धा वाटा होता, आणि नायिका लॉरीचं काम करणारी जेमी ली कर्टिस म्हणजे 'सायको'तल्या त्या जॅनेट लीची मुलगी, वगैरे सगळं मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिला त्यात काही रस नव्हता. शेवटाकडे लॉरी जखमी होऊन रस्त्यावर येते. मारेकरी मागे आहे. ती शेजारच्या घराचं दार बडवते, जीव तोडून मदत मागते. घरातला दिवा लागतो. खिडकीच्या पट्ट्या जराशा बाजूला होतात, कुणीतरी बघतं. आणि दिवा बंद होतो.

मी हा सिनेमा निदान सहा वेळा पाहिलाय. दर वेळी माझं लक्ष मागून चालत येणाऱ्या त्या मुखवट्याकडे असतं. भाचीने रिमोट घेतला, थोडं मागे नेलं, खिडकीवर थांबवलं.

"मावशी, हे कोण आहे?"

म्हटलं, कुणी नाही गं, शेजारी. पुढे परत येत नाहीत ते.

"मग यांचं काय झालं?"

काही झालं नाही, म्हटलं. सिनेमा संपतो.

मधली रांग

मीही आत्ता लावून पाहिलं. मला वाटत होतं त्या घरात कुणी राहतच नाही.